चौकटीबाहेर काढलेला पूल

१/
आजच्या धाग्याची सुरुवात एका साध्या छायाचित्राने करते. गेल्या हिवाळ्यात भाट्ये किनाऱ्यावर काढलेले. संध्याकाळची वेळ होती, ओहोटी लागली होती. काजळी नदी समुद्राला मिळते तिथे, दक्षिणेकडच्या वाळूत उभी राहून मी समुद्राकडे पाठ केली आणि कॅमेरा खाडीच्या आतल्या बाजूला वळवला. डावीकडे राजिवड्याच्या अंगाला नांगरलेल्या होड्या, मध्ये उघडा पडलेला वाळूचा पट्टा, मागे भाट्ये पूल आणि उजव्या कडेला विजेचा एक खांब. एवढेच काय ते त्यात होते.

२/
ते छायाचित्र मी हौशी छायाचित्रकारांच्या एका गटात टाकले. तासाभरात अभिप्राय आले. क्षितिज तिरपे आहे. खांब काढून टाक. पूल डोळ्यांना खुपतो, फक्त होड्या आणि पाणी ठेव. आकाश रिकामे आहे, थोडे ढग हवे होते. अभिप्राय देणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. मी क्षितिज सरळ केले, उजवी बाजू आणि वरचा भाग कापला. पूल गेला, खांब गेला. उरलेले चित्र खरोखरच देखणे दिसू लागले. पुढे याच कापाकापीचा मला पश्चात्ताप झाला. ती हकीकत शेवटी सांगते. आधी एक प्रश्न : सामान्य दृश्याचे छायाचित्र चारचौघांत मांडावे आणि चारचौघांनी त्याचे गुणदोष काढावेत, ही रीत आपल्याकडे आली कुठून?

३/
त्यासाठी सुमारे पावणेदोनशे वर्षे मागे जावे लागते. १८३९ मध्ये पॅरिसला दागेरच्या छायाचित्रणपद्धतीची घोषणा झाली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटणारे ते चित्र अतिशय रेखीव असे. पण ते एकमेव असे. त्याची प्रत निघत नसे. इंग्लंडमध्ये टॅलबटने १८४१ मध्ये कागदी निगेटिव्हच्या पद्धतीचे पेटंट घेतले. तिच्यातली चित्रे तुलनेने धूसर होती, पण एका निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती काढता येत. एक प्रत स्वतःजवळ ठेवून दुसरी मित्राला पाठवणे तेव्हा शक्य झाले. छायाचित्रांच्या देवाणघेवाणीचा इतिहास या प्रतीपासून सुरू होतो.

४/
प्रती निघू लागल्या तशा त्या पाहण्यासाठी मंडळीही जमू लागली. जानेवारी १८५३ मध्ये लंडनला फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. दोन वर्षे पुरी होण्याच्या आत, ऑक्टोबर १८५४ मध्ये, मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ उभी राहिली. हिंदुस्थानातली ही अशी पहिली संस्था. तिच्या स्थापनेत कॅप्टन हॅरी बार यांचा पुढाकार होता. कलकत्ता आणि मद्रास येथील सोसायट्या त्यानंतर, १८५६ मध्ये निघाल्या. मुंबईच्या सोसायटीने १८५५ मध्ये स्वतःचे नियतकालिकही सुरू केले. रेल्वे मुंबईहून ठाण्याला पहिल्यांदा धावली ती १८५३ मध्ये. म्हणजे आगगाडी आणि छायाचित्रांची चर्चा या दोन्ही गोष्टी मुंबईने जवळजवळ एकाच वेळी पाहिल्या.

५/
अशा सोसायटीच्या सभेत सभासद निबंध वाचत, आपापली छायाचित्रे मांडत, रसायनांच्या कृती एकमेकांना सांगत. चर्चेचा मोठा भाग आजच्या भाषेत ‘तांत्रिक’ म्हणावा असा. कलोडियनच्या पद्धतीत काचेवर रसायनाचा थर देऊन तो ओला असतानाच चित्र घ्यावे लागे आणि लगेच अंधारात नेऊन ते उमटवावे लागे. लंडनच्या हवेत जमणारी ही घाई मुंबईच्या उन्हाळ्यात अवघड होई. थर वाळून जाई. म्हणून प्रवासात अनेक जण मेण लावलेला कागद पसंत करीत. तो आधी तयार करून ठेवता येई. ‘माझे हे बिघडले, तुमचे कसे जमले?’ हा प्रश्न तेव्हाच्या टीकेचा पाया होता. ती टीका नम्र होती, कारण अपयश सगळ्यांच्याच वाट्याला येत होते.

६/
सभासदांत लष्करी अधिकारी, डॉक्टर, अभियंते, व्यापारी होते. बहुसंख्य युरोपियन असले तरी भारतीयांना दार बंद नव्हते. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आपल्याला मुंबईतल्या संग्रहालयामुळे ठाऊक असते. मूळचे गोव्यातल्या पेडणे भागातले हे घराणे. भाऊ दाजी आणि त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे दोघेही या सोसायटीत होते. नारायण दाजी ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉक्टर आणि स्वतः छायाचित्रकार. सोसायटीच्या कार्यकारी मंडळावरही ते होते. चित्र कसे असावे हे ठरवणाऱ्यांच्या पंक्तीत एक मराठी माणूस १८५०च्या दशकातच बसला होता, ही बाब आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच येते.

७/
त्याच सुमारास एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग चालू झाला. तिथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालवू लागले. म्हणजे कॅमेरा हे साहेबाचे खेळणे आणि आपण केवळ त्याच्यासमोर उभे राहणारे, हे चित्र अपुरे आहे. कॅमेरा आपल्या हातात लवकर आला. पण चांगले चित्र कोणते हे सांगणारे नियम कुठून आले, हा वेगळा प्रश्न आहे, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचा.

८/
ते नियम चित्रकलेतून आले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात विल्यम गिल्पिन या इंग्लिश पाद्र्याने निसर्गदृश्य ‘चित्रमय’ केव्हा ठरते याचे ठोकताळे लोकप्रिय केले : पुढे काळोखी जमीन, बाजूला एखादे झाड, मध्ये पाणी, दूर डोंगर किंवा पडका वाडा. हिंदुस्थानात आलेले कितीतरी अधिकारी ही नजर आणि जलरंगांची पेटी सोबत घेऊन आले. रॉबर्ट मेलव्हिल ग्रिंडले या मुंबईच्या लष्करातल्या अधिकाऱ्याने पश्चिम हिंदुस्थानातल्या दृश्यांचा मोठा चित्रसंग्रह १८२६ पासून प्रसिद्ध केला. कॅमेरा आला तेव्हा चौकट आधीच तयार होती.

९/
आज कोणत्याही गटात नवख्याला सांगितला जाणारा ‘तृतीयांशांचा नियम’ घ्या. क्षितिज मधोमध ठेवू नये, वरच्या किंवा खालच्या तिसऱ्या भागावर ठेवावे, असा तो नियम. अनेकांना तो कॅमेऱ्याच्या पडद्यावरच्या रेघांसोबत जन्मला असे वाटते. प्रत्यक्षात जॉन थॉमस स्मिथ या इंग्लिश चित्रकाराने ग्रामीण दृश्यांवरच्या १७९७ च्या पुस्तकात त्याला हे नाव दिले. तेव्हा छायाचित्रणाचा शोधही लागलेला नव्हता. भाट्याच्या वाळूत उभे राहून आपण फोन वरखाली करतो, तेव्हा सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधल्या एका चित्रकाराचे म्हणणे पाळत असतो.

१०/
आता ‘आकाश रिकामे आहे’ या अभिप्रायाकडे येऊ. तेव्हाची रसायने निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील होती. जमीन नीट उमटेपर्यंत आकाश पूर्ण पांढरे होऊन जाई. चित्र घ्यायला बराच वेळ लागत असल्याने लाटांचे धुके होई आणि चालती माणसे दिसेनाशी होत. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रेने १८५६-५७ च्या सुमारास समुद्राची जी गाजलेली चित्रे केली, त्यांपैकी काहींत समुद्र एका निगेटिव्हचा आणि आकाश दुसऱ्याचे आहे. एकाच आकाशाखाली त्याने वेगवेगळे समुद्रही छापले. फोनमधले ‘आकाश बदला’ हे बटण ज्यांना आजच्या काळाचे पाप वाटते, त्यांनी हे लक्षात ठेवावे.

११/
मुंबईच्या हौशी मंडळींची चित्रे आज आपण पाहू शकतो ती बऱ्याच अंशी एका प्रकाशनामुळे. विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी १८५६ ते १८५८ या काळात ‘द इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ हे मासिक स्वरूपाचे प्रकाशन काढले. नावातच ‘हौशी’ हा शब्द आहे. प्रत्येक अंकात तीन छायाचित्रे आणि सोबत माहितीचा मजकूर. छायाचित्र थेट पानावर छापण्याची सोय तेव्हा नव्हती. त्यामुळे कागदावर काढलेली खरी प्रत दर अंकात चिकटवावी लागे. इमारती, दृश्ये आणि निरनिराळ्या जातीजमातींचे लोक असे तिचे विषय. सामूहिक अल्बमची आपल्या प्रांतातली ही एक आद्य खूण.

१२/
पुढे काय झाले ते मात्र विचार करण्यासारखे आहे. जॉन्सनने १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईतल्या लोकसमूहांविषयी दोन खंड प्रसिद्ध केले. त्यांत आधीच्या अल्बममधली माणसे पुन्हा आली, पण त्यांच्यामागची पार्श्वभूमी बदलली. एका निगेटिव्हमधली माणसे दुसऱ्या निगेटिव्हमधल्या दृश्यावर बसवण्यात आली. बैठकीच्या जागी काढलेला समूह एखाद्या देवळापुढे किंवा मोकळ्या रानात उभा असल्यासारखा दिसू लागला. माणसे खरी, जागाही खरी. पण ती माणसे त्या जागी कधी उभी राहिलीच नव्हती. निसर्गदृश्य इथे नाटकाच्या पडद्यासारखे वापरले गेले. आज संशोधकांना हे कळते, कारण जुना अल्बम शिल्लक आहे आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहता येतात. मूळ नष्ट झाले असते तर फसवणूक हीच साक्ष ठरली असती.

१३/
दृश्यांची निवड सरकारही करत होते. १८५५ मध्ये कंपनी सरकारने कॅप्टन थॉमस बिग्ज यांना पश्चिम हिंदुस्थानातल्या प्राचीन वास्तूंची छायाचित्रे घेण्याच्या कामावर नेमले. विजापूर, बदामी, ऐहोळे येथली त्यांची चित्रे आजही अभ्यासकांना उपयोगी पडतात. नंतर ते काम डॉ. विल्यम पिगू यांच्याकडे गेले. देवळे, मशिदी, लेणी, किल्ले यांना त्या यादीत जागा होती. खाडीवरची तर, मिठागर, बाजाराचा रस्ता, मासे वाळत घातलेली वाळू यांच्यासाठी कोणी अधिकारी नेमला नाही. ते काम हौशी माणसांनीच करायचे होते. पण गिल्पिनच्या चौकटीत तेही फारसे बसत नव्हते.

१४/
टीका कोणी करायची, हा प्रश्नही निरागस नव्हता. कलकत्त्याच्या सोसायटीत थोर संशोधक राजेंद्रलाल मित्र हे पदाधिकारी होते. १८५७ मध्ये त्यांनी एका जाहीर सभेत युरोपियनांवर, त्यातही निळीच्या मळेवाल्यांवर, कडक टीका केली. सभेचा छायाचित्रांशी काहीही संबंध नव्हता. तरी त्यांना सोसायटीतून काढून टाकण्यात आले. त्यांच्यापाठोपाठ काही भारतीय सभासदही बाहेर पडले. एकत्र बसून चित्रांचे गुणदोष काढणाऱ्या मंडळातही सत्ता कोणाकडे होती, हे त्या वर्षी उघड झाले. ‘गटात फक्त फोटोंविषयी बोला’ असे म्हणणे सोपे असते. आपले बोलणे कोणाला कधी महागात पडेल हे तो नियम सांगत नाही.

१५/
सभेला जाऊ न शकणाऱ्यांनी टपालाचा आधार घेतला. लंडनमध्ये १८५५ मध्ये छायाचित्रांची अदलाबदल करणाऱ्या एका मंडळाने सभासदांच्या चित्रांचा अल्बम काढला. अमेरिकेत १८६१ मध्ये हौशी मंडळींनी असाच एक क्लब स्थापन केला. सभासद एकमेकांना ठरलेल्या मुदतीत प्रती पाठवत. पुढे ब्रिटनमध्ये चित्रांची पेटी एका सभासदाकडून दुसऱ्याकडे टपालाने फिरू लागली आणि प्रत्येक जण सोबतच्या कागदावर आपला अभिप्राय लिहू लागला. इतिहासाच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने तो कागद चित्राइतकाच मोलाचा. चित्रातून दृश्य कळते, अभिप्रायांतून त्या काळाची नजर कळते. लोकांना काय आवडत होते, काय खुपत होते, कशाकडे लक्षच जात नव्हते, हे सारे त्यात असते.

१६/
एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोरड्या प्लेटा आल्या आणि रसायनांची घाई संपली. १८८८ मध्ये कोडॅकचा कॅमेरा आला, १९०० मध्ये स्वस्त ब्राउनी. हौशी माणूस म्हणजे पैसेवाला अधिकारी, हे समीकरण सैल झाले. मुंबईत १९३७ मध्ये ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया’ सुरू झाली आणि स्वातंत्र्यानंतर १९५०च्या दशकात देशभरातल्या क्लबांचा महासंघ झाला. प्रदर्शनांसाठी परीक्षक बसू लागले, चित्रांना गुण मिळू लागले, निवडलेली चित्रे भिंतीवर आणि न निवडलेली परत घरी. या मंडळींनी हजारोंना प्रकाश वाचायला शिकवला, हे ऋण मोठे आहे. मात्र गुण मिळवण्यासाठी काय टाळावे हेही त्याच शाळेत पक्के झाले. तारा, खांब, पाट्या, मोटारी आणि नवे बांधकाम टाळण्याच्या यादीत गेले.

१७/
त्याच काळात एक दुसरी वाटही होती. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला यांनी १९३०-४० च्या दशकांत मुंबईचे रोजचे जगणे टिपले. त्यांची सुरुवातीची काही छायाचित्रे पती माणेकशॉ यांच्या नावाने छापली गेली. त्यांची कीर्ती पुढे दिल्लीत काढलेल्या नेत्यांच्या चित्रांमुळे झाली. आज मात्र त्या मुंबईच्या साध्या चित्रांकडे अभ्यासक पुन्हा पुन्हा वळतात, कारण रस्त्यावरचा पेहराव, दुकाने, वाहने, बायकांचे वावरणे हे नेत्यांच्या चित्रांत सापडत नाही. किरकोळ वाटणारा तपशील पन्नास-साठ वर्षांत पुरावा होतो.

१८/
आता माझ्या कापलेल्या छायाचित्राकडे. काही महिन्यांनी मी अभ्यासासाठी भाट्ये खाडीच्या मुखाविषयी टिपणे काढत होते. इथे गाळ साचतो, वाळूचे पट्टे जागा बदलतात आणि होड्या आत-बाहेर नेणे अवघड होते, ही तक्रार मच्छीमारांच्या तोंडी नेहमीची. त्या संध्याकाळी वाळूचा पट्टा नेमका कुठवर आला होता हे मला पाहायचे होते. ते मोजायला स्थिर खूण हवी. अशी खूण म्हणजे पुलाचे खांब आणि किनाऱ्यावरचा तो विजेचा खांब. दोन्ही मी स्वतःच्या हाताने कापले होते. मूळ फाइल शोधली, तर फोनमध्ये जागा करण्याच्या भरात ती पुसली गेली होती. उरलेल्या चित्रात होड्या सुंदर आहेत, पण त्या कुठे आहेत हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

१९/
पूल तसा ‘खुपणारा’ आहेच. पण तो नव्हता तेव्हा खाडी ओलांडायची ती तरीतून. पुलाने रत्नागिरी शहर आणि पावसकडचा किनारी रस्ता जोडला, तेव्हा लोकांचा बाजार, शाळा, दवाखाना यांच्याशी असलेला संबंध बदलला. भाट्याच्या चित्रात आवर्जून ठेवले जाणारे सुरूचे बन ‘नैसर्गिक’ म्हणून वाखाणले जाते. प्रत्यक्षात सुरू हे ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियाकडचे झाड. आपल्या किनाऱ्यावर ते माणसाने आणून लावले. म्हणजे आपण एक मानवनिर्मित वस्तू सुंदर म्हणून ठेवतो आणि दुसरी कुरूप म्हणून काढतो. नारायण दाजींच्या काळातल्या कॅमेऱ्यासमोर भाट्ये किनारा असता, तर त्यात ना पूल दिसला असता, ना हे सुरूचे बन.

२०/
याचा अर्थ टीका नको असा नाही. क्षितिज तिरपे आहे हा अभिप्राय अगदी योग्य होता आणि त्याबद्दल मी आभारी आहे. एकट्याने काढलेले चित्र स्वतःच्या चुका सांगत नाही. त्यासाठी दुसरा डोळा लागतो. मुंबईच्या सोसायटीची मोठी देणगी हीच. माझी तक्रार आपल्या अभिप्रायांतल्या एका सवयीविषयी आहे. ‘हे काढून टाक’ हे आपण चटकन म्हणतो. ‘हे इथे का आहे?’ असे क्वचित विचारतो. खांब काढायला सांगण्यापूर्वी कोणी मला एवढेच विचारले असते, तर मी थोडी थांबले असते.

२१/
मला स्वतःला लागलेली शिस्त सांगते; पटली तर घ्या. देखणी प्रत हवी तशी करा, पण मूळ फाइल वेगळी जपून ठेवा. तारीख, वेळ, भरती की ओहोटी, आपण कुठे उभे होतो आणि तोंड कोणत्या दिशेला होते, या पाच गोष्टी चित्रासोबत लिहा. त्याच जागेवरून दरवर्षी एकदा चित्र घ्या. आकाश बदलले असेल तर तसे नमूद करा. आणि दुसऱ्याच्या चित्रावर लिहिताना एक वाक्य सौंदर्याविषयी लिहा, एक चित्रातल्या वस्तूविषयी. असे अभिप्रायही जपा. उद्याच्या अभ्यासकाला त्यांतून आपली नजर वाचता येईल.

२२/
या महिन्यात मी पुन्हा भाट्याला गेले. आठवणीने जवळपास त्याच जागी उभी राहिले, ओहोटीची वेळ गाठली. या वेळी क्षितिज सरळ ठेवले आहे. पूल आहे, खांब आहे, खांबावर एक कावळाही आहे. जुन्या चित्राशी त्याची तुलना करता येत नाही, ती संधी गेली. पण पुढच्या वर्षीच्या चित्राशी करता येईल. हे छायाचित्र खाली जोडत आहे. गुणदोष जरूर काढा. तुमच्या गावचा एखादा ‘नको असलेला’ खांब, पाटी किंवा पूल ज्या चित्रात राहिला आहे, ते चित्रही प्रतिसादात टाका. जागा आणि तारीख मात्र विसरू नका.